पाच एकराच्या आतली शेती आणि बिघडलेला पाऊस : तुम्ही रानात नेमकं काय बदललंत?

काळी_कसदार | २६ ऑक्टोबर २०२५, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यात साडेचार एकर, मध्यम ते भारी काळी जमीन. वाटण्या झाल्यावर आलेली. विहीर आहे, पण मार्चनंतर तिचा भरवसा नाही.

यंदाचं साल सगळ्यांनी पाहिलंय. मे महिन्यातच पाऊस सुरू झाला. नांगरट तापलीच नाही, ढेकळं फुटायच्या आत तण माजलं. मोसमी पाऊस २५ मेला महाराष्ट्रात आला म्हणून बातम्यांत कौतुक झालं. ते ऐकून आमच्या शिवारात बऱ्याच जणांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरलं, आणि मग उघडीप. दुबार पेरणी. पुढे ऑगस्टच्या मध्यापासून जो लागला तो सप्टेंबर संपेपर्यंत. सोयाबीन पिवळं पडून काढणीला आलं तेव्हाच रानात गुडघाभर पाणी. शेंगेतच कोंब फुटले. आठ-नऊ क्विंटलचा उतारा देणाऱ्या रानात एकरी अडीच-तीन क्विंटल, तेही डागी. हमीभाव ५३२८ रुपये, पण डागी मालाला तो विचारतो कोण?

कर्जमाफी, पॅकेज, राजकारण यासाठी वेगळा धागा काढा, तिथे मीही येईन. इथे एवढंच सांगा : गेल्या दहा वर्षांत तुम्ही रानात प्रत्यक्ष काय बदललं? वाण, तारीख, पेरणीची पद्धत, जनावरं, काहीही. आणि त्याचा उपयोग झाला का?

माझं आधी सांगतो. १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरत नाही, मग शेजारी कितीही हसोत. सपाट पेरणी सोडून रुंद सरी वरंबा, म्हणजे बीबीएफ धरला. २०२३ चा ऑगस्ट आठवा, देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. सऱ्यांत मुरलेल्या ओलीवर माझं सोयाबीन तगलं, शेजारच्या सपाट रानातलं फुलं गाळून बसलं. यंदा उलटं. वरच्या दोन एकरांतलं पाणी सऱ्यांनी काढून दिलं, नाल्याकडचं रान मात्र गेलं. नाल्यालाच उतार उरला नव्हता, सरी बिचारी पाणी नेणार कुठं?

तूर लांबणीची सोडून बीडीएन-७११ घेतली. जास्त दिवस उभी राहणारी तूर शेवटचं पाणी मागते आणि ते माझ्याकडे नसतं. ही लवकर निघते. इतकंच माझं भांडवल. आता तुम्ही बोला.

---

जुनी_मोट | २६ ऑक्टोबर, सकाळी १०:४०

धागा चांगला, पण एक सांगू का? पाऊस लहरी होता आणि लहरीच आहे. आमच्या वडिलांनी बहात्तर पाहिला, रोजगार हमीवर खडी फोडली, सुकडी खाल्ली. 'पडल्या मघा, नाहीतर वर बघा' असं लोक उगाच म्हणत नव्हते.

बदललंय ते पीक. आमच्याकडे पैठण भागात एका रानात बाजरी, तूर, मूग, मटकी, तीळ आणि बांधाला अंबाडी असायची. मूग-उडीद ऑगस्टअखेर घरात, बाजरी सप्टेंबरात, तूर संक्रांतीला. पाऊस कधीही येवो, सगळं एकदम बुडायचं नाही. आता शिवारभर एकच सोयाबीन, सगळं एकाच आठवड्यात काढणीला. त्या आठवड्यात पाऊस आला की गाव बुडालं. दोष ढगाला द्यायचा का आपल्या निवडीला?

---

पर्जन्यमापक | २६ ऑक्टोबर, दुपारी १:०५

@जुनी_मोट, निम्मं मान्य. मी कृषी खात्यात गावपातळीवर काम करतो. (खात्याच्या वतीने बोलत नाहीये.)

निम्मं अमान्य का ते सांगतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कॉल आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास आहे. मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात आपला बराच भाग येतो, १९५० ते २०१५ या काळात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्या. अरबी समुद्र तापतोय, तिथून येणाऱ्या वाऱ्यांत चढउतार वाढलेत आणि ते मधूनच बाष्पाचे लोट घेऊन येतात. वर्षाची बेरीज सरासरीच्या आसपास दिसते, पण ती थोड्या दिवसांत पडते. बहात्तरला पाऊसच नव्हता. आता पाऊस असूनही पीक जातं.

दुसरं, हवामान खात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखाच बदलल्या. मुंबईतून पाऊस परतायची तारीख २९ सप्टेंबर होती, ती ८ ऑक्टोबर झाली. आपली खरिपाची वाणं आणि काढणीचा हिशोब मात्र जुन्या तारखेवर बसवलेला. जूनअखेर पेरलेलं शंभर दिवसांचं सोयाबीन कापायला येतं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. बघा आता.

---

वऱ्हाडी_ठेचा | २६ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

यवतमाळ. कपाशी-तूर, चार एकर कोरडवाहू.

आमच्याकडं कपाशीचं असं हाय का, पाऊस लांबला की खालची बोंडं सडतात आणि वर पातेगळ. २०१७ ले गुलाबी बोंडअळीनं धुतलं, तेव्हापासून मी दोन गोष्टी सोडल्या. एक, मे महिन्यात धूळपेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या रानात पेरणं. दोन, फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी पुढं ठेवणं. डिसेंबर-जानेवारीत दोन-तीन वेच्यात पऱ्हाट्या काढून रान मोकळं करतो. पहिले लोकं एप्रिलपर्यंत कपाशी ठेवत, कारण शेवटचा कापूस फुकटचा वाटे.

आता कमी दिवसाचं वाण, जरा दाट. झाडाले कमी बोंडं, पण एका दमात फुटतात. बियाणं जास्त लागते हा तोटा. मुरमाड रानात बरं जमते, भारी काळीत झाड माजते आणि आत हवा खेळत नाही. ज्याची जमीन भारी त्यानं आंधळेपणानं करू नये.

तुरीचं सांगतो. पाणी साचलं की मर लागते. कपाशीत सपाटावर असलेली तूर मेली, वरंब्यावरची राहिली. एवढा फरक डोळ्यांनी पाहिला.

---

द्राक्षवेल_दिंडोरी | २६ ऑक्टोबर, रात्री ८:१८

आमच्याकडे बदललं म्हणजे काय, लोकांनी बागा तोडल्या.

एप्रिल छाटणीनंतर काडीत घड तयार व्हायला ऊन लागतं. यंदा मेपासून आभाळ. ऑक्टोबर छाटणी घेतली तर बऱ्याच बागांत घडच निघाले नाहीत, नुसता पाला. जे निघाले त्यांना डाऊनी (बुरशीचा रोग), गळकूज. रात्री दोन वाजता फवारणी करणारा शेतकरी तुम्हाला फक्त नाशिकमध्येच दिसेल.

प्लॅस्टिक आच्छादन चांगलं, पण एकरी काही लाखांचं काम. दहा एकरवाला अनुदान आणि कर्ज दोन्ही मिळवतो. दीड एकरवाला विचार करतो की हेच पैसे घालायचे तर मुलीचं शिक्षण करू. माझ्या भावाने बाग काढून टोमॅटो आणि खरीप कांदा धरला. कांद्याची रोपंही पावसात गेली, पण नुकसान हजारांत झालं, लाखांत नाही. जगायचं असेल तर कमी पैसे गुंतवा, असं त्याचं म्हणणं. द्राक्ष महासत्ता वगैरे आम्ही पेपरात वाचतो.

---

शेवगा_शेंग | २७ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. तुळजापूर तालुका. घरची तीन एकर.

स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेचं नाव काहींनी ऐकलं असेल, त्यांना २०१७ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आमच्या गावात त्यांच्या ताईंनी बायकांना एक सांगितलं. घरच्यांकडून एक एकर मागून घ्या, त्यात आधी घरात खायचं पिकवा, उरेल ते विका. सासऱ्यांनी आधी अर्धा एकर दिला, तोही चुनखडीचा. त्यात मूग, उडीद, तूर, मटकी, गवार, दोडका, मेथी असं तुकड्या-तुकड्याने लावते. बांधाला शेवगा. शेणखत, गांडूळखत, जीवामृत. औषधाच्या दुकानाची पायरी जवळजवळ सुटली.

२०१५-१६ च्या दुष्काळात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं तेव्हा, आमच्या सोयाबीनच्या दोन एकरांत काही नव्हतं आणि या अर्ध्या एकरात घागरीने पाणी घालून भाजी होती. यंदा पाण्याने दोडका, गवार गेली. मूग मात्र त्याआधीच डब्यात होता. शेवगा आणि कोंबड्या राहिल्या. आठवडी बाजाराचे पैसे त्यातूनच.

मोटकाका म्हणतात ते मिश्र पेरणीचं खरं आहे. पण ती निंदायला, खुडायला, निवडायला बाई लागते हे ते लिहायला विसरले. सोयाबीन आलं कशाने? तणनाशक मारलं, हार्वेस्टर घातलं, मोकळं. मूग तीनदा तोडावा लागतो आणि ते काम माझं.

आणि अजून एक. रान मी करते, सातबारा सासऱ्यांच्या नावावर. फार्मर आयडी त्यांचा, ई-पीक पाहणी त्यांच्या नावाने, मदत त्यांच्या खात्यात. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा मला विचारलं, "घरात कुणी आहे का?"

---

जुनी_मोट | २७ ऑक्टोबर, सकाळी ९:२२

ताई, विसरलो नव्हतो, लक्षातच आलं नव्हतं. आमच्याकडे ते आई करायची. लिहीत राहा.

---

सड्यावरून | २७ ऑक्टोबर, सकाळी ११:०२

राजापूर. भाताचे चार कोपरे आणि साठेक कलमं.

भात : पूर्वी वडील गरवं, म्हणजे उशिरा तयार होणारं भात करायचे, दिवाळीनंतर कापणी. आता ऑक्टोबरभर पाऊस, कापून पसरलेलं भात खाचरातच रुजतं. म्हणून सगळे हळव्याकडे, म्हणजे लवकर तयार होणाऱ्या भाताकडे वळले. मी तेही अर्धंच केलं. हळवं सप्टेंबरअखेर तयार होतं आणि नेमकं तेव्हाच झोडपलं तर काय करा? म्हणून दोन कोपरे हळवं, एक निमगरवं आणि खोलगटातलं एक गरवं. एक तरी हाती लागतं. उत्पन्न कमी-जास्त, पण घरचा तांदूळ विकत घेतला नाही.

चिखलणी सोडली. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांनी रुजवलेलं एसआरटी, म्हणजे कायमच्या गादीवाफ्यावर टोकण. जूनमध्ये पाऊस दडी मारतो तेव्हा तरव्यात (रोपांच्या वाफ्यात) रोपं म्हातारी होतात, ती कटकट गेली. नांगर नाही, लावणीला माणसं नाहीत. (माणसं मुंबईत आहेत.) तण हा मोठा प्रश्न. तणनाशकाशिवाय हे जमवणारे आहेत, मला नाही जमलं.

आंबा : काय सांगू? थंडी वेळेवर नाही, मोहोर दोन-तीनदा येतो, पुनर्मोहोर आला की आधीची कणी (बारीक फळं) गळते. फुलकिडा औषधांना दाद देत नाही. यंदा शेवटचा आंबा झाडावर असताना मेच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू झाला. फळपीक विमा हवामानाच्या आकड्यांवर चालतो आणि तारखा ठरलेल्या. त्या तारखांबाहेर पडलेला पाऊस त्यांच्या लेखी पडलाच नाही. मी आता कॅनिंगवर आणि घरच्या आंबापोळीवर जास्त भर देतो. साठ कलमांचा राजा झालो नाही तरी चालेल.

---

नांगरट | २७ ऑक्टोबर, दुपारी १२:४५

एवढी चर्चा कशाला? ऊस लावा. आठ दिवस पाण्यात उभा राहतो, गारपिटीने मरत नाही, एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान भाव, ठरलेली (यंदा १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये), चोर नेत नाही, माकड खात नाही. हवामान बदलावर लहान शेतकऱ्याने शोधलेला खरा उपाय तोच आहे, कुणाला आवडो न आवडो.

---

पर्जन्यमापक | २७ ऑक्टोबर, दुपारी १:३०

...आणि २०१६ ला तोच ऊस पाणी पिऊन बसला होता. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरला पंधरा-पंधरा दिवस बुडालेला ऊस शेंड्यातून कुजला, तेही पाहा. शिवाय पाणी कुणाच्या वाट्याचं?

---

नांगरट | २७ ऑक्टोबर, दुपारी १:४१

साहेब, पाणी कुणाचं हा प्रश्न बरोबर आहे, पण तो मला विचारू नका. मी माझ्या दोन एकरांचा हिशोब करतो. सोयाबीनला गेल्या हंगामात ४८९२ चा हमीभाव असताना आडतीत चार हजाराच्या आसपास विकलं. उसाचा भाव निदान कागदावर तरी पक्का. तुम्ही सोयाबीन-तुरीला तसा द्या, उद्या ऊस मोडतो.

---

काळी_कसदार | २७ ऑक्टोबर, दुपारी २:१५

नांगरटशी मी सहमत नाही, पण तो खोटं बोलत नाहीये. आमच्या गावातही ज्याच्या विहिरीला पाणी टिकलं त्याने दुसऱ्याच वर्षी उसाचं बेणं आणलं.

मला एक वेगळंच विचारायचंय. बीबीएफ, वेळेवर पेरणी, वेळेवर काढणी हे सगळं सांगायला सोपं. पण वाफसा, म्हणजे रानात काम करता येईल इतकीच ओल, पूर्वी पाच-सहा दिवस मिळायचा, आता दोन. त्या दोन दिवसांत गावातलं एकुलतं बीबीएफ यंत्र आधी कुणाच्या रानात जातं? ज्याचं ट्रॅक्टर त्याच्या. मग त्याच्या भावकीच्या. माझा नंबर येतो तेव्हा पुन्हा पाऊस. काढणीला तेच, मळणीयंत्राला तेच. बैलजोडी होती तोवर ओल जरा जास्त असली तरी आत जाता यायचं, ट्रॅक्टर रुततं. जोडी मी २०१८ ला मोडली, चाऱ्याअभावी. यावर कुणी काही केलंय का?

---

पुरणपोळी_आयोवा | २७ ऑक्टोबर, रात्री ११:५०

मूळ बार्शीचा, सध्या आयोवात नोकरी. शेती करत नाही, पण ज्या कंपनीत आहे तिचे ग्राहक शेतकरी आहेत. २०१९ च्या वसंतात इथे इतका पाऊस झाला की अमेरिकेत मिळून सुमारे दोन कोटी एकरांवर पेरणीच करता आली नाही. त्यांच्या विम्यात 'पेरताच आलं नाही' यासाठी भरपाई असते, ती मिळाली. इथला शेतकरी हजार एकर करतो आणि तरी कुरकुरतो. आपल्याकडे असं काही आहे का?

---

पर्जन्यमापक | २८ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

होतं. पेरणी न होणं, हंगामाच्या मध्यावरची आपत्ती, स्थानिक आपत्ती (७२ तासांत कळवायची ती) आणि काढणीनंतरचं नुकसान असे चार निकष पीक विम्यात होते. राज्याने २०२३ मध्ये एक रुपयात विमा आणला, २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला आणि हे चारही निकष गेले. २०२५ च्या खरिपाला २ टक्के हप्ता आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर. म्हणजे महसूल मंडळाची सरासरी. तुमचं नाल्याकडचं रान बुडालं आणि मंडळातल्या माळावर बरं पिकलं, तर सरासरीत तुम्ही सुखी.

पावसाच्या नोंदीचंही तसंच. स्वयंचलित केंद्र महसूल मंडळाला एक, मंडळात गावं दहा-पंधरा किंवा जास्त. अतिवृष्टीचा निकष २४ तासांत ६५ मिलिमीटर. केंद्रावर ६२ पडला आणि तुमच्या शिवारात ११०, तर कागदावर अतिवृष्टी नाही. मी स्वतः लोकांच्या शिव्या खाल्ल्यात यावर, आणि त्या रास्त होत्या.

जिल्हा पातळीवर हवामान सल्ला देणारी जी केंद्रं कृषी विज्ञान केंद्रांत होती, तीही २०२४ मध्ये बंद केली. परभणी विद्यापीठाचा मंगळवार-शुक्रवारचा सल्ला चालू आहे, तो तरी वाचत जा. व्हॉट्सॲपवरचे 'उद्या धो धो' वाले अंदाज पुढे ढकलू नका, हात जोडतो.

---

कडबा_पेंढी | २८ ऑक्टोबर, सकाळी १०:३३

मंगळवेढा. मालदांडी ज्वारी. आमची जमीन भेगाळणारी काळी, हस्ताच्या पावसावर पेरायची आणि नंतर पाणी न देता थंडीवर, ओलीवर काढायची. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. यंदा सप्टेंबरात रानात पाय ठेवता येईना. ज्यांची तारीख हुकली ते हरभऱ्यावर गेले. हरभरा पैसे देतो, पण कडबा देत नाही. कडबा नाही की जनावर नाही, जनावर नाही की शेणखत नाही, मग जमिनीत पाणी धरायला काही उरत नाही. एक तारीख हुकली की चार वर्षांचं गणित हलतं.

आता तुमच्या वाफशाच्या प्रश्नाबद्दल. आम्ही पाच घरांनी सावड, म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीने काम करणं, पुन्हा चालू केली. मोठं काही नाही. दोन घरांकडे बैल आहेत, बाकी तिघे माणसं देतात. वाफसा आला की ज्याचं रान उंचावर, मुरमाड, त्याचं आधी पेरायचं, कारण ते आधी वाळतं. खोलगट शेवटी. नंबर जमिनीने ठरवायचा, नात्याने नाही, हा नियम पहिल्या दिवशीच ठरवला. भांडणं झाली, एक घर बाहेर पडलं, पण तारीख हुकायचं प्रमाण कमी झालं.

---

वऱ्हाडी_ठेचा | २८ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

आमच्याकडं वारंगुळा म्हणत. माह्या आजीच्या वेळचं. आता तं मजुरीचा भाव विचारल्याशिवाय सख्खा भाऊ येत नाही. तरी हे जमिनीनं नंबर लावायचं भारी आहे.

---

शेवगा_शेंग | २८ ऑक्टोबर, दुपारी ४:०५

कसदारदादा, बीबीएफ यंत्राची वाट बघूच नका. आमच्या गटातल्या बायकांनी यंदा दोन जणींच्या रानात वरंबे उन्हाळ्यातच ट्रॅक्टरने पाडून घेतले, तेव्हा ट्रॅक्टर रिकामा असतो. मग पाऊस झाल्यावर हाताने टोकण. टोकणीला ट्रॅक्टर जाईल इतकं रान वाळावं लागत नाही. बियाणंही कमी लागलं, पिशवीतलं उरलं. फक्त माणसं हवीत आणि एकरी मजुरी पेरणीपेक्षा जास्त जाते. एकमेकींच्या रानात गेलो तर तीही वाचते.

मेच्या पावसाने वरंब्यावर तण आलं होतं, ते एकदा कोळपून घ्यावं लागलं, तेवढं धरून चाला.

---

काळी_कसदार | २८ ऑक्टोबर, सायंकाळी ६:३०

ताई, ही गोष्ट कामाची. वरंबे आधीच पाडून ठेवायचे हे डोक्यातच आलं नव्हतं. वरच्या दोन एकरांत कायमचेच ठेवून बघतो, कोकणातल्या सड्यावरून दादांसारखे. आमची काळी उन्हाळ्यात भेगाळून वरंबा ढासळतो का, ते तेव्हा कळेल.

आता शेवटची अडचण. भिजलेल्या सोयाबीनचं बियाणं धरता येणार नाही, उगवण मिळणार नाही. आमच्या भागात सगळ्यांचंच भिजलंय, म्हणजे जूनमध्ये पिशवीचे भाव वाढणार. उन्हाळी सोयाबीन घ्यावं का बियाण्यापुरतं?

---

पर्जन्यमापक | २८ ऑक्टोबर, रात्री ८:४५

मार्चनंतर विहिरीचा भरवसा नाही म्हणता, मग उन्हाळी नको. डिसेंबरअखेर-जानेवारीत पेरलं तरी दाणे भरताना एप्रिलचं पाणी लागतंच. शिवाय पांढरी माशी आणि पिवळा मोझॅक एका हंगामातून दुसऱ्यात जायला उन्हाळी पीक पूल होतो. ज्यांच्याकडे पाणी आहे आणि जे अख्ख्या गावाचं बियाणं करणार आहेत त्यांनीच करावं.

त्यापेक्षा माळरानावरचं, उशिरा काढलेलं, न भिजलेलं कुणाकडे मिळतं का बघा. सप्टेंबरअखेरचा पाऊस ज्यांच्या हिरव्या शेंगांवर पडला त्यांचा दाणा बराच शाबूत आहे. मळताना यंत्राचे फेरे चारशेच्या आत ठेवलेलं हवं, सोयाबीनचं साल पातळ असतं. पोत्यांची थप्पी सातच्या वर नको. आणि मेमध्ये पुन्हा तपासा : शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, पाच-सहा दिवसांनी मोजायचे. ७० उगवले तर एकरी ३० किलो. ६० उगवले तर ३५ किलो. त्याखाली असेल तर तेल काढा.

---

माळरान_अहमदपूर | २९ ऑक्टोबर, सकाळी ६:५५

वाचनमात्र होतो, आता लिहितो. आमचं डोंगरउताराचं हलकं रान. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरलेलं फुले संगम सोयाबीन, काढणी दसऱ्यानंतर दोन आठवड्यांनी, कोरड्या उन्हात. उतारा एकरी पाचच, पण दाणा टणक. काल गोणपाटात शंभर टाकलेत, रविवारी मोजतो. चांगलं निघालं तर चार पोती देता येतील. बाजारभावापेक्षा क्विंटलमागे थोडं वरचं घेईन, फुकट नाही.

त्याबदल्यात तुमच्याकडची बीडीएन-७११ तूर बियाण्याला हवी. आमची लांबणीची आहे, फुलात आली की पाणी संपतं.

---

काळी_कसदार | २९ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

तूर अजून रानात आहे, शेंगा धरतायत. वरंब्यावरची निरोगी तेवढी बियाण्याला वेगळी काढतो, दहा-पंधरा किलो नक्की. रविवारचा आकडा इथेच टाका. व्यनि (खासगी निरोप) केला आहे.

---

माळरान_अहमदपूर | २ नोव्हेंबर, सायंकाळी ५:४८

८१.

---

नांगरट | २ नोव्हेंबर, सायंकाळी ६:०२

दोन पोती मलाही ठेवा. अर्धा एकर करून बघतो, उसाच्या कडेला.